तीन ओळींचा अर्ज

वणीला चंद्रपूर रस्त्यावर ट्रकच्या पाट्यांचं काम करणारे चार-पाच मिस्त्री आहेत. त्यात कलीमचं नाव ड्रायव्हर लोक आधी घेतात. कोळशानं भरलेला ट्रक खड्ड्यात आदळला की चाकावरचा वाकवलेला पोलादी पाटा तुटतो, आणि गाडी रखडत रखडत कलीमच्या टपरीसमोर येऊन उभी राहते. कलीम एकदा गाडीखाली शिरला की दोन-दोन तास त्याचे फक्त पाय दिसत. बोलणं मुळातच कमी. दोन वर्षांपूर्वी बायको, गझाला, डेंग्यूनं गेली, तेव्हापासून तेही आटलं.

घरात म्हातारी आई अमिनाबी आणि सातवीतली लेक अतिया. गझालाचा विषय निघाला की अमिनाबीच्या डोळ्यांना धार लागायची. मग विषयच काढायचा नाही, असं कोणी न सांगता ठरून गेलं. तिचे कपडे कलीमनं बहिणीकडे बोरी अरबला पाठवले. राहिलं ते स्वयंपाकघर, आणि ते अतियाकडे आलं. बारा वर्षांची पोर सकाळी कणीक मळून, दोघांचे डबे करून शाळेत जायची. तक्रार म्हणून नाही. कलीमला वाटायचं, सावरली पोरगी.

शाळेत त्या वर्षी नवीन मॅडम आल्या होत्या. मिताली नाव, माहेर यवतमाळचं, वडील कुठल्याशा ऑफिसातून रिटायर झालेले. तासिकेवर लागलेल्या, म्हणजे कायम नव्हे. शनिवारी सकाळची शाळा असते, तिच्या शेवटच्या दोन तासांना त्या पोरांना गोष्ट वाचून दाखवत. ‘काजळगडची पोरं’ नावाची मोठी मालिका होती, जादू शिकणाऱ्या मुलांची, पाच जाडजूड भाग. मॅडमनी स्वतःची आणलेली. शहरातल्या पोरांनी केव्हाच वाचून संपवलेली, पण वणीच्या त्या वर्गात एकच प्रत होती, आणि ती मॅडमच्या हातात. म्हणून मग शनिवार कधी येतो असं पोरांना होई. दोन वर्षांत पहिल्यांदा अतिया घरी येऊन काहीबाही सांगू लागली. ईरा नावाची मुलगी आहे, तिला आई नाही, ती किल्ल्यावर राहते. कलीम जेवता जेवता ऐकायचा. लक्ष असायचं असं नाही, पण पोरीचा आवाज घरात आहे हे त्याला बरं वाटायचं.

जानेवारीतली एक संध्याकाळ. मगरिबची नमाज पढून कलीम घरी आला. अमिनाबी आतल्या खोलीत तसबीची माळ घेऊन बसली होती. मागच्या अंगणातून पुटपुटल्यासारखा आवाज येत होता. त्यानं डोकावून पाहिलं. अतिया जमिनीवर बसली होती, ओढणी डोक्यावरून पुढे ओढलेली, समोर कणकीची परात आणि परातीत काठोकाठ पाणी. पाण्याकडे पाहत ती एकच शब्द घोळवत होती. ला-झा-ग. ला-झा-ग.

आधी त्याला वाटलं, पाठांतर चाललं असेल. मग ती पाण्यावर वाकली आणि हळूच म्हणाली, “अम्मी.”

ला-झा-ग. त्याच्या डोक्यात ते उलट फिरलं. तो धावत गेला आणि त्यानं परात उलथी केली. पाणी तिच्या अंगावर, अंगणभर.

“काय करून राह्यली तू? हे काय हाय?”

अतिया भिजलेल्या ओढणीनं तोंड पुसत म्हणाली, “गोष्टीतलं हाय, अब्बू. ईरा तसं करते. नाव उलटं म्हनते, सात वेळा.”

“कायले?”

ती परात उचलून आत घेऊन गेली. त्याला पुन्हा विचारवलं नाही.

त्या दिवसापासून कलीमचं कामात लक्ष लागेना. तो फार शिकलेला नव्हता, मराठी शाळेत नववीपर्यंत गेलेला. पण एवढं त्याला पक्कं माहीत होतं की अल्लाकडे गेलेल्या माणसाला जादूटोण्यानं हाक मारणं हे साधंसुधं पाप नाही. आणि त्याहून खोल एक भीती होती, जी त्यानं स्वतःपाशीही नीट कबूल केली नाही. पाण्यात खरंच कोणी दिसलं असतं तर?

जुम्म्याला त्यानं मशिदीत हाफिजजींना गाठलं. हाफिजजी वयस्क, सौम्य माणूस. सगळं ऐकून ते म्हणाले, “जादूवर भरोसा ठेवणं गुनाह आहेच, कलीममियाँ. पण लेकरू आहे. तिला मायेनं समजावा. अन् त्या बाईला जाऊन सांगा, नरमाईनं, की आमच्या पोरीला त्यातून वगळा. ऐकेल ती.”

समजावणं कलीमला जमलं नाही. मायेनं बोलायचे शब्द त्याच्याकडे नव्हते. दुसरं काम मात्र त्यानं केलं. वहीतला कागद फाडून घरीच अर्ज लिहिला. तीन ओळी. ‘शनिवारी वर्गात जादूचे पुस्तक वाचतात. आमच्या धर्मात जादू गुनाह आहे. तरी माझी मुलगी अतिया हिला त्या तासाला बसवू नये ही विनंती.’ खाली सही. मॅडमसमोर उभं राहायचं धाडस होईना, म्हणून तो मुख्याध्यापक नेमसिंग राठोड यांच्याकडे गेला. राठोड सरांनी वाचला, मान डोलवली, कारकुनाकडून आवकचा शिक्का मारून घेतला.

“बसवत नाही तिले त्या तासाले,” सर म्हणाले. “बस? झालं समाधान?”

“झालं, सर.”

खरोखरच झालं होतं. गोष्ट तिथंच मिटली असती.

चार दिवसांनी टपरीसमोर एक मोटारसायकल थांबली. अभिषेक नावाचा तरणा गडी होता. गावात त्याचं मोबाइलचं दुकान, आणि संध्याकाळी तरुण पोरांचं एक भजनी मंडळ तो चालवायचा. त्याची मुलगी सुरभी अतियाच्याच बाकावर बसायची, दोघी जिवाभावाच्या. कलीम गाडीखालून बाहेर आला तसा अभिषेकनं त्याचा काळा, ग्रीस लागलेला हात दोन्ही हातांत धरला.

“कलीमभाई, मानलं तुम्हाले. आमच्या लोकाईले जे सुचलं नाही थे तुम्ही केलं.”

त्यानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर कलीमचा अर्ज होता. शाळेच्या ऑफिसातून कोणीतरी फोटो काढला होता. वरच्या दोन ओळी ठळक दिसत होत्या. तिसरी ओळ, अतियाच्या नावाची, खाली कापली गेली होती.

“याच्याखाली अजून एक ओळ हाय,” कलीम म्हणाला.

“असू द्या. मुद्दा आला ना. आमची सुरभी पाहा, देवाजवळ दिवा लावाचा सोडून छड्या फिरवत हिंडते घरभर. हे मंत्र, हे भूतप्रेत आमच्याही धर्मात चालत नाही. तुमच्या पोरीनं काय केलं असं? काहीतरी झालंच असन, त्याशिवाय तुम्ही अर्ज नाही देत.”

दोन वर्षांत कलीमला असं कोणी आपुलकीनं विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं. परातीतलं पाणी, उलटं नाव, सगळं. अभिषेकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या क्षणी त्याला मनापासून वाईट वाटलं होतं यात शंका नाही.

पुढच्या रविवारी शाळेच्या पटांगणात पालकांची सभा झाली. कलीम मागे भिंतीशी उभा होता, तर दोघा-तिघांनी हाताला धरून त्याला पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. अशा सभेत त्याला खुर्ची पहिल्यांदाच मिळाली होती. डॉक्टर, वकील, कोळसा खाणीतले साहेब त्याच्याकडे वळून पाहत होते. त्याला बरं वाटलं. नंतर या एका गोष्टीची त्याला सगळ्यांत जास्त शरम वाटली, पण वाटलं होतं हे खरं.

मिताली मॅडम उभ्या राहिल्या. वय पंचविशीचं, हातातला रुमाल मुठीत दाबून धरलेला. “ती गोष्ट आहे,” त्या म्हणाल्या. “गोष्ट कोणती आणि खरं काय, हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. ज्यांना नको असेल त्यांनी आपलं मूल त्या तासाला बसवू नये. माझी काही हरकत नाही.”

कलीमच्या अर्जाची तिसरी ओळ हीच होती. त्यानं उठून एवढंच म्हणायला हवं होतं, की मॅडम बरोबर बोलतात, मीसुद्धा एवढंच मागितलं. तो खुर्चीच्या कडेवर पुढे सरकलाही.

तेवढ्यात अभिषेक उठला. “कळते ना पोरांले? मग या कलीमभाईच्या पोरीनं परातीत पाणी भरून मेलेल्या मायले कायले बोलावलं? अतिया, सातवी अ. विचारा तिले!”

पटांगणात एकदम गलका उठला. बायकांनी तोंडाला पदर लावले. मॅडमनी कलीमकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. हे त्यांना माहीत नव्हतं, एवढंच दिसत होतं. कलीमनं मान खाली घातली आणि सभा संपेपर्यंत वर केली नाही.

आठवड्याभरात मॅडमची तासिका बंद झाली. संस्थेच्या माणसांनी त्यांची पाचही पुस्तकं चौकशीसाठी म्हणून ठेवून घेतली.

कलीमला हे कळलं तेव्हा तो हातही न धुता बसस्टँडवर गेला. मॅडम यवतमाळच्या गाडीची वाट पाहत बॅगेवर बसल्या होत्या. तो समोर जाऊन उभा राहिला.

“मॅडम, मी तुम्हाले काढा असं नोतो म्हटलो. खुदाची कसम. माह्या पोरीपुरतंच मांगतलं होतं.”

“माहीत आहे. राठोड सरांनी दाखवला मला अर्ज.”

“माह्यी बायको गेली, मॅडम. पोरगी तिले पान्यात बोलावून राह्यली होती. मी भेलो.”

मॅडम बॅगेवरून उठल्या. “कलीमभाई, तिसरा भाग संपायला दोनच शनिवार उरले होते. ईराची आई येत नाही. ती रोज पाण्यात बघते, आणि शेवटी तिच्या लक्षात येतं की दिसतो तो आपलाच चेहरा, आईसारखा झालेला. मग ती रडते. पुस्तकात पहिल्यांदाच रडते. मी मुद्दाम त्या भागापाशी सावकाश वाचत होते. अतियासाठी. तिची आई गेल्याचं मला शाळेतून कळलं होतं.”

“थे पुस्तक मले द्या ना, मॅडम.”

“माझ्याकडे नाही आता.”

गाडी आली. बॅग उचलायला तो पुढे झाला, पण त्याचे हात ग्रीसनं भरलेले होते. मॅडमनी आपणच बॅग उचलली.

शाळेत अतियाचं काय झालं हे कलीमला हळूहळू कळलं, तेही तिच्या तोंडून नाही. पोरांचा शनिवार गेला होता, आवडत्या मॅडम गेल्या होत्या, आणि कोणामुळे गेल्या हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. तिचं नाव परातवाली पडलं. कोणी पाणी प्यायला लागलं की मागून ओरडत, परातवालीले पाहू देऊ नका. सुरभीला तिच्या बाबांनी बाक बदलून दिला. अतिया शेवटच्या बाकावर एकटी बसू लागली. घरी येई, कणीक मळी, अभ्यास करी. आता ती ईराचं नाव काढत नव्हती. कोणाचंच काढत नव्हती.

कलीम पुन्हा राठोड सरांकडे गेला. “सर, माह्या अर्ज मले वापस पाहिजे.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दिग्रसकडच्या तांड्यावरून शिकून वर आलेला माणूस, दोन वर्षांत निवृत्त व्हायचा होता. “घेऊन जा ना, कलीमभाई. मी थांबवत नाही. पन कागद नेल्यानं मॅडम वापस येनार हाय काय? तुम्ही मांगतलं तसं मी पोरीले लायब्ररीत बसवलं होतं. पुढचं माह्या हातात राह्यलं नाही. तुमच्याही नाही.”

खरंच राहिलं नव्हतं. मार्चमध्ये अभिषेक एकदा टपरीवर येऊन आनंदानं सांगून गेला, की मारेगावच्या आणि पांढरकवड्याच्या शाळांतही निवेदन दिलं, आणि दोन्हीकडे वर कलीमभाईच्या अर्जाची झेरॉक्स लावली. “तुमचं नाव पाहून समोरचा काही बोलूच शकत नाही. दोन्ही समाजाचं एकमत हाय म्हनतो आम्ही.”

“नका लावू,” कलीम म्हणाला. “माह्यं तसं म्हननं नाही.”

“मंग कसं हाय?”

कलीमनं खूप प्रयत्न केला. जादू गुनाह आहे हे त्याला अजूनही पटत होतं. मॅडम वाईट नव्हत्या हेही पटत होतं. ती गोष्ट अतियानं ऐकायला नको होती, आणि शेवटपर्यंत ऐकायला हवी होती. हे सगळं एका माणसाच्या मनात एकाच वेळी कसं असतं, ते त्याला सांगता येईना. अभिषेक हसला आणि मोटारसायकल चालू करून निघून गेला.

रूपसिंग नावाचा ड्रायव्हर नेहमी नागपूरला जायचा. कलीमनं त्याच्याकडे चिठ्ठी दिली. पुस्तकाचं नाव, भाग तिसरा. पुढच्या खेपेला रूपसिंगनं सीटमागून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक काढून दिलं. कलीमनं ते पाने-पक्कडींच्या पेटीत ठेवलं. दुपारी काम नसलं की उभ्या ट्रकच्या सावलीत बसून तो वाचायचा. बोट ओळीखाली फिरवत, ओठ हलवत. मंत्र आला की ‘तौबा’ म्हणायचा आणि पुढे वाचायचा. अकरा दिवस लागले. ईरा वाटीतल्या पाण्यात वाकून पाहते त्या पानाशी आला तेव्हा त्याला पुढचं दिसेना. कोणी काही विचारू नये म्हणून तो उठून गाडीखाली जाऊन पडला.

त्या दिवशी तो ऊन असतानाच घरी गेला. अतिया तांदूळ निवडत होती. त्यानं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं.

अतियानं पाहिलं. हात लावला नाही.

“वाच,” तो म्हणाला. “शेवट राह्यला होता ना तुह्या.”

“गुनाह हाय ना, अब्बू?”

कलीम उभाच राहिला. हो म्हणावं तर पुस्तक आणलं कशाला, नाही म्हणावं तर जीभ वळेना. शेवटी तो म्हणाला, “थ्यात तिची अम्मी येत नाही.”

“मले माहीत हाय.”

“कोनं सांगतलं?”

“कोनी नाही. मेलेलं मानूस येते काय?” तिचे हात तांदळातच होते. “मी तिले बोलावत नोती, अब्बू. तुमाले वाटलं तसं. मले नुसतं तिचं नाव घ्याचं होतं. सरळ घेतलं असतं तर दादीनं ऐकलं असतं, रडली असती. उलटं कोनाले समजत नाही.” मग म्हणाली, “तुमाले समजलं.”

कलीम तिच्यासमोर खाली बसला. आता नाव घ्यायला हवं, हे त्याला कळत होतं. आत्ता, सरळ, मोठ्यानं. त्यानं तोंड उघडलं. आतल्या खोलीत अमिनाबी खोकली. नाव घशापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

अतियानं थोडी वाट पाहिली. मग तांदळाचं सूप उचललं आणि ती आत गेली. पुस्तक तिथंच पडलं होतं. दुसऱ्या दिवशी अमिनाबीनं ते उचलून माळ्यावर टाकलं.

वार्षिक परीक्षा संपली त्या दिवशी अतिया म्हणाली, “मले फूफीकडं ठेवा. तिकडच्या शाळेत घाला.”

“काहून? इथं काय झालं?”

“काही नाही. तिथं मले कोनी ओळखत नाही.”

जूनमध्ये तो तिला बोरी अरबला, आपल्या बहिणीकडे, सोडायला गेला. वणीहून यवतमाळ, तिथून दुसरी गाडी. पूर्ण वाटेत ती खिडकीशी बसली होती. त्यानं दोनदा भूक लागली का विचारलं, तिनं दोनदा नाही म्हटलं. फूफीच्या घरी चहा झाला, शाळेचा दाखला कोणाकडे द्यायचा ते बोलून झालं. अतियानं आपली पिशवी कोपऱ्यात लावली आणि लगेच फूफीच्या हाताखाली भांडी घासायला बसली, जशी काही तिथंच वाढलेली. कलीम उगीच दारात घुटमळत राहिला.

“येतो मग मी,” तो म्हणाला.

तिनं राखेचा हात तसाच ठेवून वर पाहिलं. “जा तुमी, अब्बू. गाडी सुटन.”

तो घरी पोचला तेव्हा अमिनाबी ओट्यावर वाट पाहत बसली होती.

“रडली काय पोट्टी?”

“नाही.”

“काही म्हटलं तिनं?”

“गाडी सुटन म्हने.”

अमिनाबीनं पदरानं डोळे पुसले. कलीमनं तिच्याकडे पाहिलं, काही बोलणार असं वाटलं, आणि मग तो चपला काढून आत गेला.